एकेचाळीस नंबरची खुर्ची

भाईंदर पूर्वेला काशीनाथ भुवड नावाचे एक सर राहतात, आणि त्यांना लोकांच्या व्हीलचेअरमागे वाकून बघायची खोड आहे. खोटं नाही सांगत. संध्याकाळी जेसल पार्कला खाडीवर फिरायला गेले आणि समोरून कुणी आपल्या आजोबांना खुर्चीत बसवून आणताना दिसलं, की सर बाजूला होतात, खुर्चीला पुढे जाऊ देतात, मग मागून चार पावलं चालून कमरेत वाकतात आणि पाठीवर काही नाव लिहिलंय का ते वाचतात. एकदा एका बाईने त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. "ओ अंकल, क्या देख रहे हो?" सर काय सांगणार? "कुछ नहीं, नाम पढ रहा था," म्हणाले आणि मान खाली घालून निघाले.

यामागचं कारण आधीच सांगून टाकलेलं बरं. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला, चंपाकाकूंना, अर्धांगाचा झटका आला. चार महिने पलंगावर होत्या. डॉक्टर म्हणाले, आता खुर्चीत बसवून जरा बाहेर न्या, वारा लागू दे. काकूंनी एकच हट्ट धरला, "मला खाडीवर न्या." सरांनी दहा दुकानं हिंडून चांगली मजबूत खुर्ची मागवली. काकू मंगळवारी गेल्या. खुर्ची गुरुवारी आली.

सरांनी ती खुर्ची घरात एक महिना ठेवली. मग मागे एक छोटी पितळी पाटी लावली, 'चंपा काशीनाथ भुवड हिच्या आठवणीसाठी', आणि धर्माजीकाकांच्या केंद्रात देऊन टाकली. हिला नाही जमलं, निदान दुसरं कुणी तरी खाडीवर जाईल, एवढंच मनात होतं. तेव्हापासून ती खुर्ची भाईंदरमध्ये कुठे ना कुठे फिरत असणार आणि एक ना एक दिवस आपल्याला दिसणार, अशी त्यांची खात्री होती. सहा वर्षं झाली, दिसली नाही. धर्माजीकाकांना विचारायचं तर तेही नाही. दिलेल्या वस्तूची चौकशी करू नये, असं कोकणातल्या त्यांच्या आईने शिकवलेलं.

तर हे धर्माजीकाका म्हणजे निवृत्त कंपाउंडर, वय वर्षं शहात्तर. जेसल पार्कमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावरची खोली त्यांना मिळालीय, तिथे ते रुग्णसाहित्य केंद्र चालवतात. व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या, कमोडची खुर्ची, हवेची गादी. घरात कुणी आजारी पडलं की न्यायचं, बरं वाटलं की आणून द्यायचं. पैसे नाहीत, डिपॉझिट नाही, फक्त वहीत नाव लिहायचं. काय नेलं, कुणासाठी नेलं, कधी नेलं, कधी परत आणलं. तेवीस वर्षांच्या अकरा वह्या आहेत, आणि काकांना त्या वह्यांचा अभिमान नातवंडांपेक्षा जास्त आहे.

आणि आपले काशीनाथ सर डेटाबेस शिकवतात. म्हणजे माहिती कशी मांडायची, तिची टेबलं कशी करायची आणि त्या टेबलांना प्रश्न कसे विचारायचे. एका कंपनीच्या संगणक खात्यात तीस वर्षं काढली, गिरगावातली खोली सोडून भाईंदरला आले, आणि नोकरी असतानाच शनिवार-रविवारी दिपेशभाईंच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला लागले. आता रोज जातात. क्लास पहिल्या मजल्यावर, खाली फरसाणवाला. सकाळच्या बॅचला तळणाचा असा वास येतो, की अर्धी पोरं पहिल्या तासाला नुसती गिळत बसतात.

सर शिकवतात मात्र झकास. टेबलं वेगळी का करायची, हे बाकीचे शिक्षक फळ्यावर व्याख्या लिहून सांगतात. सर पहिल्या दिवशी संगणक बंद करायला लावतात आणि कागद वाटतात. "अनसूयाबाई, इंद्रलोक फेज तीन, बी विंग, खोली चारशे दोन. दहा वेळा लिहा." पोरं लिहितात. हात दुखतात. "झालं? आता अनसूयाबाई जेसल पार्कला राहायला गेल्या. बदला." मग सगळे बोंब मारतात. कुणी सात ठिकाणी बदलतं, कुणी नऊ. "आता सांग निकेत, बाई राहते कुठे? नऊ ठिकाणी जेसल पार्क आणि एका ठिकाणी इंद्रलोक. तिला कुबडी द्यायला तू जाणार कुठे?" बस, तेवढ्यात ते डोक्यात बसतं. माणूस एकदाच लिहायचा, त्याला एक नंबर द्यायचा, आणि बाकी सगळीकडे तो नंबर वापरायचा.

परीक्षेची रीतही त्यांची स्वतःची. पुस्तकातली कंपनी, पुस्तकातले नोकर, पुस्तकातला पगार, असलं त्यांना चालत नाही. प्रत्येक बॅचला ते गावातली एक खरी वही आणून देतात. एका वर्षी भजनी मंडळाची होती, एकदा उत्तनजवळच्या चौक गावातल्या एका नाखव्याची, म्हणजे बोटमालकाची, बोटीवर कोण कधी गेलं त्याची. पोरांनी त्या वहीची टेबलं करायची, माहिती भरायची. आणि परीक्षेच्या दिवशी वहीचा मालक स्वतः येऊन खुर्चीत बसतो आणि त्याला जे खरोखर हवंय ते तोंडी विचारतो. पोरांनी त्यावरून क्वेरी लिहायची, म्हणजे संगणकाला समजेल असा नेमका प्रश्न. सरांनी आदल्या दिवशी मालकाकडून प्रश्न काढून घेतलेला असतो, स्वतः सोडवलेला असतो, आणि उत्तर लखोट्यात बंद असतं. लखोट्याशी जुळलं तर वीस, नाही तर शून्य. अधलंमधलं काही नाही. "दारात आलेल्या माणसाला अर्धी खुर्ची देणार काय?" असं विचारतात.

आणि एकदा दिलेला मार्क सर बदलत नाहीत. एकोणीस वर्षांत एकदाही नाही. पालक रडले, एका मुलीच्या मामाने फरसाणाचा पुडा आणून ठेवला, दिपेशभाईंनी हात जोडले. दगडावरची रेघ. याचा सरांना थोडा गर्व होता, आता लपवून काय करायचं?

या वेळची वही धर्माजीकाकांची होती. ती सरांनी का निवडली, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नसावं. पहिल्या दिवशी वर्गाने फळ्यावर टेबलं आखली. सामानाचं एक, रुग्णांचं एक, आणि कुणी काय कधी नेलं-आणलं त्याचं तिसरं. मिनल नावाच्या हुशार पोरीने सामानाच्या टेबलात एक रकाना वाढवला, 'देणाऱ्याचं नाव'. सरांनी डस्टर उचललं आणि तो रकाना पुसून टाकला. "याचा प्रश्न येणार नाही. नको ते भरू नका." खरं कारण असं, की भर वर्गात पडद्यावर चंपा काशीनाथ भुवड हे नाव आलं असतं तर त्यांना बोलता आलं नसतं.

खोलीतलं सगळं सामान मोजून यादी करायचं काम शेवंतीने घेतलं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं.

शेवंती कडू ही वर्गातली सगळ्यात मोठी, वय छत्तीस. मूळची अलिबागकडची. भाईंदरमधल्या एका नर्सिंग होममध्ये बारा वर्षं वॉर्डातली मावशी आहे. पेशंट उचलायचा, कुशीवर करायचा, चादरी बदलायच्या. कमरेचे दोन मणके सरकलेत. डॉक्टरांनी सांगितलंय, आता उचलायचं बंद. नर्सिंग होमच्या मॅडम चांगल्या. म्हणाल्या, रेकॉर्डच्या टेबलावर एक जागा होतेय, एक तारखेपासून, तू कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट आण, मी तुला बसवते. नाही आणलंस तर मला बाहेरचं कुणी घ्यावं लागेल. शेवंती मार्चमध्ये एकदा नापास झाली होती. या खेपेला हुकलं तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, आणि तोवर जागा कुणी उबवत बसणार नव्हतं. सगळ्या वर्गाला हे ठाऊक होतं. सरांनाही होतं.

सरांचा तिच्यावर जीव होता. दाखवत नव्हते, उलट तिला जास्तच रागवायचे. ती की-बोर्डवर एका बोटाने टाइप करायची आणि प्रत्येक अक्षर सापडलं की हळूच "हा बघ" म्हणायची. पोरं हसायची, सर डोळे वटारायचे, आणि पाठ वळवून स्वतःही हसायचे.

परीक्षा शनिवारी झाली. धर्माजीकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले, मांडीवर अकरावी वही. सगळ्यांकडे बघून त्यांनी घसा साफ केला. "समजा आत्ता दारात कुणी आलं, आणि म्हणालं, काका, व्हीलचेअर पाहिजे. तर माझ्याकडे द्यायला कुठल्या कुठल्या खुर्च्या आहेत?"

साधा प्रश्न. अर्ध्या तासाने निकेतचं उत्तर आलं, तीन. बारा, एकोणीस आणि तेहेतीस नंबर. मिनलचं आलं, तेच तीन. एकामागून एक सगळ्यांचे तीन. सरांनी लखोटा फोडला. तीन. धर्माजीकाकांनी वही चाळून मान डोलावली, "बरोबर. माझ्या वहीतपण तीनच."

शेवंतीच्या पडद्यावर चार होते. बारा, एकोणीस, तेहेतीस, एकेचाळीस.

"एकेचाळीस कुठून काढलात?" सरांनी विचारलं.

"माळ्यावर हाय सर. मी चढून मोजली ना. चादरीत गुंडाळलेली हाय, पण चाकापाशी नंबर चिकटवलाय."

"माळ्यावर मोडका पलंग आहे गं बाई," धर्माजीकाका म्हणाले. गुडघ्यांमुळे त्यांनी माळ्यावर जाणं कधीच सोडलं होतं.

"शेवंतीबाई, वहीत एकेचाळीसची एक तरी ओळ दाखवा. कुणी नेली? कधी आणली?"

"नाही सर. ओळच न्हाय."

"मग ती मोकळी आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? लखोट्यात तीन आहेत."

 शेवंती खाली बघत म्हणाली, "सर, वहीत न्हाय म्हणजे खोलीत न्हाय, असं कसं?" सरांनी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. तिने ते बघितलं, पिशवी उचलली, जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरली. कमर धरली होती तिची. रडली नाही, हेच वाईट.

ती गेल्यावर दिपेशभाई आत आले. "सर, सोमवारी बारा वाजता रिझल्ट पाठवायचा आहे. बिचारी है. थोडा इधर उधर कर दो ना. चार ॲन्सर आला काय, तीन आला काय."

"मार्क म्हणजे काय धणे-जिरे आहेत, मूठभर इकडे टाकायला?" सर कडाडले. दिपेशभाई आल्या पावली परत गेले.

पण घरी गेल्यावर सरांनी ताट तसंच बाजूला सारलं. ते एकच वाक्य कानात. वहीत नाही म्हणजे खोलीत नाही, असं कसं? त्यांनी आपली क्वेरी पुन्हा बघितली. ती कशी होती ते सांगतो, सोपी आहे. वहीत प्रत्येक खुर्चीची शेवटची नोंद शोधायची. त्या नोंदीत परत आल्याची तारीख भरलेली असेल तर खुर्ची मोकळी. एकोणीस वर्षं ते हेच शिकवत आले, कधी भजनी मंडळाच्या टाळांना, कधी वाचनालयाच्या पुस्तकांना. आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मग त्यांनी शेवंतीचा कागद काढला. तिने वहीपासून सुरुवातच केली नव्हती. तिने सगळ्या खुर्च्या घेतल्या होत्या, आणि त्यातून आत्ता बाहेर असलेल्या तेवढ्या काढून टाकल्या होत्या. उरल्या त्या मोकळ्या. वाकडं अक्षर, दोन ठिकाणी खाडाखोड, पण म्हणणं तेवढंच.

'असेल एखादी मोडकी खुर्ची,' सरांनी स्वतःला समजावलं. 'हातच्या काकणाला आरसा कशाला? उद्या जाऊन बघतो.'

रविवारी सकाळी नऊ वाजता ते केंद्रात हजर. धर्माजीकाका चहा पीत होते. सरांनी शिडी मागितली. "मास्तर, या वयात?" "धरून ठेवा फक्त," सर म्हणाले. एकसष्टाव्या वर्षी ते माळ्यावर चढले. कोळिष्टकं, एक खरोखरच मोडका पलंग, दोन हवेच्या गाद्या. आणि भिंतीला लावून, जुन्या निळ्या चादरीत गुंडाळलेलं काही तरी. चाकाजवळ कागदाचा गोल तुकडा, त्यावर एकेचाळीस.

"आहे हो," सर वरून म्हणाले. "तिचं बरोबर आहे." आवाज जरा पडलाच होता, कारण आपण चुकलो हे कळलं की कुणाचाही पडतो. मग त्यांनी चादर सोडवली. आत खुर्ची. बसायच्या जागेवर दुकानातलं प्लास्टिक तसंच. हातांवरचे पुठ्ठेसुद्धा काढले नव्हते. सर तिला उजेडाकडे वळवायला लागले, आणि सवयीने, सहा वर्षांच्या सवयीने, मागे जाऊन कमरेत वाकले.

खालून धर्माजीकाका हाका मारत राहिले. "मास्तर? ओ मास्तर! बरं आहे ना?"

काही बरं नव्हतं. माळ्यावर खुर्ची कवटाळून सर हुंदके देत होते. अख्ख्या भाईंदरच्या खुर्च्यांमागे वाकले, बायकांच्या शिव्या खाल्ल्या, आणि चंपाची खुर्ची इथे, घरापासून दहा मिनिटांवर, चादरीत. एकदाही बाहेर गेली नव्हती. काल लखोट्यात तीन नंबर लिहिले तेव्हा हिलाच त्यांनी वगळलं होतं.

दोघांनी मिळून ती कशीबशी खाली उतरवली. पाटी वाचून धर्माजीकाका खाली बसले. "माझीच चूक, मास्तर. तुम्ही आणून दिलीत त्या दिवशी जागा नव्हती, नंबर चिकटवून सोसायटीतल्या पोरांनी वर टाकली, आणि मी विसरून गेलो. आणि माझी रीत अशी, की कुणी मागायला आलं की मी वही मागे मागे उलटतो. कुठली परत आलीय ते बघतो, ती देतो. ही तर कधी गेलीच नाही. मग परत येणार कुठून, आणि वहीत दिसणार कुठून?" त्यांनी कपाळाला हात लावला. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

सर डोळे पुसत हसायला लागले. "काका, तुम्हाला एकट्याला का बोल लावू? तुमची वही आणि माझी क्वेरी एकच. जी कधी बाहेर गेली नाही, ती दोघांनाही दिसली नाही. आणि मिनल बिचारी देणाऱ्याचं नाव लिहीत होती, तर मी डस्टर घेऊन धावलो!"

सोमवारी सकाळी वर्ग भरला. शेवंतीला दिपेशभाईंनी फोन करून बोलावलं होतं. ती दाराजवळच्या बाकावर अंग चोरून बसली, वॉर्डातल्या ड्यूटीच्या साडीतच. तिला वाटलं, नापासांना समज द्यायला बोलावलंय. सरांनी फळ्यावर आपली क्वेरी लिहिली. शेजारी शेवंतीची लिहिली, खाडाखोड वगळून. मग म्हणाले, "शेवंतीबाई, पुढे या. हे तुम्हाला सुचलं कसं, ते सगळ्यांना सांगा."

शेवंतीने पदराचं टोक हातात घेतलं. "त्यात सुचायचं काय सर? वॉर्डात सकाळी आम्ही असंच करतो. आधी पलंग मोजायचे, सगळे. मग कुणाकुणाच्या पलंगावर पेशंट हाय ते बघायचं. उरले ते रिकामे. आता एखाद्या नव्या पलंगावर अजून पेशंट झोपलाच नसेल, तर तो पलंग काय पलंग न्हाय का? रात्री कुणी आलं तर त्याला तिथेच झोपवू ना?"

 सरांनी खिशातून लाल पेन काढलं. लखोट्यातला आपला कागद टेबलावर ठेवला, त्यावर मोठी फुली मारली, आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "भुवड काशीनाथ. वीसपैकी शून्य." मग मार्कांचा तक्ता ओढून शेवंतीचं शून्य खोडलं आणि शेजारी वीस लिहून सही केली. एकोणीस वर्षांतला पहिला खोडलेला मार्क. शेवंती आधी त्या आकड्याकडे बघत राहिली, मग तक्त्यावर वाकून तिने आपलं नाव दोनदा वाचलं. "हा बघ," हळूच म्हणाली, आणि मग मात्र तिचा बांध फुटला. मिनल धावत येऊन तिच्या गळ्यात पडली.

"सर," मागून निकेतचा चिरका आवाज आला, "मग आमच्या विसाचं काय?"

"तुमचं उत्तर चुकलं, पण चुकीचं शिकवलं मी. तेव्हा शून्य माझं. तुम्ही आत्ता नव्या प्रश्नावर पुन्हा पेपर द्यायचा. बारा वाजायच्या आत."

"अरे यार सर!" अख्खा वर्ग ओरडला. दिपेशभाई दारात उभे राहून कपाळ बडवत होते, पण हसतही होते.

एक तारखेला शेवंती रेकॉर्डच्या टेबलावर बसली. तिथलं तिचं कसं चाललंय ते पुढे कधी विचारा. पण दर गुरुवारी सुटल्यावर ती धर्माजीकाकांच्या केंद्रात येते आणि वहीतल्या नोंदी संगणकात भरते, एका बोटाने. पहिल्याच गुरुवारी ती आली तेव्हा सर तिथे बसले होते, आणि इंद्रलोकमधून जितेंद्र नावाचा एक गृहस्थ आईसाठी व्हीलचेअर मागायला आला होता. आईचं नाव अनसूया. सर दचकले, मग स्वतःशीच हसले. खुब्याचं हाड मोडलं होतं बाईंचं, दोन महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या.

धर्माजीकाकांचा हात वहीकडे गेला. शेवंती म्हणाली, "काका, राहू द्या. एकेचाळीस द्या." तिने टाइप करायला घेतलं. वस्तू, एकेचाळीस. रुग्ण, अनसूया. नेल्याची तारीख भरली. परत आणल्याच्या रकान्यापाशी ती थांबली. सर परीक्षेत रिकामी जागा बघून किती ओरडतात ते तिला माहीत होतं. "हा रिकामा ठेवू ना सर?"

"ठेवा," सर म्हणाले. "काही घाई नाही."

त्याच आठवड्यात रविवारी संध्याकाळी सर खाडीवर गेले. भरती होती, कट्ट्यावर गर्दी होती, शेंगवाल्याभोवती पोरं होती. समोरून जितेंद्र खुर्ची ढकलत येत होता. सर बाजूला झाले. खुर्ची पुढे गेली. मग मागून चार पावलं चालले आणि कमरेत वाकले, माहीत असून.

खुर्चीतल्या अनसूयाबाईंनी मान वळवली. "काय हो? काय बघताय मागे?"

"नाव वाचतोय."

"मीपण विचारणार होते कुणाला तरी. कोण हो ही चंपा?"

"माझी बायको," सर म्हणाले. "तिला खाडीवर यायचं होतं."

अनसूयाबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. जितेंद्र काही तरी बोलणार, तेवढ्यात त्यांनी मुलाला हाताने बाजूला सारलं. "तू हो रे जरा, मघापासून खड्ड्यातून नेतोयस. यांना घेऊ दे." मग सरांना म्हणाल्या, "धरा. आणि पार टोकापर्यंत न्या, पाणी दिसतं तिथवर."

सरांनी दोन्ही मुठी धरल्या. पाटी आता त्यांच्या अगदी पुढ्यात होती, वाचायला वाकावं लागत नव्हतं. आणि ते चंपाकाकूंची खुर्ची हळूहळू ढकलत खाडीवर घेऊन गेले.